घाटात मोटरहोम आणि मागे ओढायची गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याजवळ आमचं गाव. अंगणात उभं राहिलं की उत्तरेला गाविलगडचे डोंगर दिसतात. सहा वर्षांपूर्वी आम्ही जुनी डिझेल मिनीबस घेऊन तिचं मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी तिच्यामागे ट्रेलरवर छोटी कार ओढायला लागलो. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. चिखलदरा, धारणी, लोणार, शेगाव, माहूर अशा फेऱ्या झाल्या. वाटेत चहाला थांबलं की लोक जवळ येतात, आत डोकावतात आणि विचारतात. नात्यातलेही फोन करतात. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहिते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या जागी चूक झाली तर माणसं दरीत जातात.

मोटरहोमच्या मागे दुसरी गाडी हवीच कशाला?

मोटरहोम एकदा मुक्कामाला लावलं की ते हलवणं जिवावर येतं. गॅस बंद करा, भांडी बांधा, पाण्याचा पाइप काढा, पुन्हा सपाट जागा शोधा. चिखलदऱ्यात सकाळी दूध आणायचं असेल, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असेल किंवा गाविलगड किल्ल्याच्या दारापर्यंत जायचं असेल, तर सहा-सात मीटरची गाडी अरुंद रस्त्यांवर फिरवण्यात अर्थ नाही. आम्ही सहा जण असतो, त्यात दोन म्हातारी माणसं. म्हणून कार.

तुम्ही दोघंच असाल तर मात्र ट्रेलरच्या भानगडीत पडू नका. शंभर सीसीची मोटरसायकल साधारण ११० किलोची असते, ती मागच्या रॅकवर नेता येते. दहातल्या सात जणांना मी हेच सांगते आणि त्यातले बरेच जण हिरमुसतात. तरी पुन्हा सांगते: घाटात जे ओढायचं नाही, त्याची काळजीही करायची नाही. रॅक लावण्याआधी तो भार मागच्या ॲक्सलला (दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसाला) आणि चेसीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) झेपतो का, एवढं विचारून घ्या.

व्हिडिओत अमेरिकेतले लोक कारची चारही चाकं रस्त्यावर ठेवून, पुढे दांडी जोडून ओढतात. तसं आपल्याकडे चालेल का?

नाही. आपल्याकडे २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीनुसार एका मोटारीने दुसरी मोटार ओढायची ती मुख्यतः बंद पडलेली असेल तेव्हा. नोंदणी झालेला ट्रेलर ओढता येतो. चांगली चालती कार दांडीला बांधून परतवाड्याहून धारणीला नेणं या नियमात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

तिकडची पद्धत तिकडच्या गाड्यांवर उभी आहे. तिथल्या मोटरहोमला किती वजन ओढता येईल हे कंपनीच लिहून देते. कोणती कार चारही चाकांवर ओढता येते हे त्या कारच्या पुस्तिकेत असतं. ओढल्या जाणाऱ्या कारमध्ये वेगळी ब्रेक यंत्रणा बसवलेली असते. व्हिडिओत यातलं काही दिसत नाही, फक्त दांडी दिसते.

शिवाय यंत्राचाही प्रश्न आहे. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरत राहिली की आतल्या भागांना तेल मिळत नाही. पन्नास किलोमीटरनंतर गिअरबॉक्स जळालेला हाती येतो. त्यामुळे कार पूर्णपणे ट्रेलरवर चढवून, चारही चाकं पट्ट्यांनी बांधूनच न्या.

ट्रेलरची आणि मोटरहोमची कागदपत्रं काय लागतात?

ट्रेलरचं स्वतंत्र पासिंग लागतं. मागे नंबर प्लेट, लाल दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि रिफ्लेक्टर पाहिजेत. वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला आणि पासिंग नसलेला ट्रेलर शेतातल्या रस्त्यावर कोणी अडवणार नाही, पण हायवेवर तो बेकायदा आहे.

मोटरहोमच्या आरसी बुकावर गाडीचा प्रकार काय लिहिला आहे ते आधी वाचा. मिनीबस म्हणून नोंदवलेल्या गाडीत पलंग आणि शेगडी बसवली म्हणजे ती कागदावर मोटरहोम होत नाही. मोटर वाहन कायद्याचं ५२ वं कलम फेरफाराबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत जा, नंतर नाही. आम्ही उलटं केलं आणि आठ महिने खेटे घातले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे आता निदान ‘हे काय असतं’ इथून सुरुवात करावी लागत नाही.

लायसन्स कोणतं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची व्यावसायिक गाडीही चालवता येते असा निर्णय दिला. आपली जोडी, म्हणजे मोटरहोम आणि भरलेला ट्रेलर, या आकड्याच्या आत ठेवा. मोठी बस घ्यायची असेल तर जड वाहनाचं लायसन्स काढा.

कोणत्या गाडीवर बांधलेलं मोटरहोम घ्यावं?

नावावरून सुरुवात करू नका. आधी मागे काय ओढायचं ते ठरवा, त्याचं वजन करा, मग त्या वजनाला उतारावर आवरू शकेल अशी गाडी शोधा. शोरूममध्ये लोक पलंगाची रुंदी आणि टीव्ही बघतात. मी म्हणते, आधी गाडीखाली वाका.

पहिली गोष्ट, चेसी वेगळी आणि मजबूत हवी. ओढण्याचा हूक बंपरला किंवा मागच्या पत्र्याला लावलेला असेल तर ती गाडी सोडून द्या. हूकचा सांगाडा चेसीच्या दोन्ही लांब दांड्यांना बोल्टने बसलेला असला पाहिजे. दुसरी गोष्ट, ताकद मागच्या चाकांना जाणारी हवी. त्याचं कारण पुढे सांगते. तिसरी गोष्ट, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असतील तर उत्तम. एक टायर फुटला तरी गाडी आडवी होत नाही.

आपल्याकडे लहान मोटरहोम बऱ्याचदा फोर्स ट्रॅव्हलरवर बांधतात. तिचं २.६ लिटरचं डिझेल इंजिन बीएस-६ (धुराच्या नियमांचा दर्जा) मध्ये ११५ हॉर्सपॉवर आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. तो टॉर्क इंजिनच्या मिनिटाला सुमारे १,४०० फेऱ्यांपासूनच मिळतो, आणि चढावर हीच गोष्ट कामाची असते. टाटा विंगर शहरात आणि सपाटीवर आरामशीर आहे, पण ती पुढच्या चाकांवर चालते. मागे ट्रेलर जोडून घाट चढायला मी ती घेणार नाही. त्याहून मोठं हवं असेल तर आयशर, टाटा, अशोक लेलँड यांच्या छोट्या बस-ट्रकच्या चेसी आहेत. अशा चेसीवर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी आवरणारा ब्रेक) मिळत असेल तर तो नक्की घ्या. ओढायचं वजन दीड टनाच्या पुढे जाणार असेल तर सरळ या वर्गात या.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता छापलेलीच नसते. मग कंपनीकडून लेखी घ्या: या मॉडेलला ब्रेकसहित किती किलोचा ट्रेलर चालेल. ‘आरामात खेचते हो’ हे सेल्समनचं वाक्य म्हणजे उत्तर नव्हे.

वजन नेमकं कसं काढायचं?

धरमकाट्यावर. आपल्या भागात याची अडचण नाही, प्रत्येक जिनिंगमध्ये आणि बाजार समितीत काटा असतो. कापसाचा हंगाम सोडून जा, म्हणजे रांग नसते. आम्ही चार वेळा वजन करतो: नुसती पुढची चाकं काट्यावर, नुसती मागची, पूर्ण गाडी आणि मग ट्रेलरसह सगळं. पाण्याची टाकी भरलेली, घरची सगळी माणसं आत, भांडीकुंडी, गाद्या, लोणच्याच्या बरण्यासुद्धा. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो. माणसं हे विसरतात.

काट्याची पावती गाडीच्या चेसीवर ठोकलेल्या पट्टीशी ताडून पाहा. प्रत्येक ॲक्सलची मर्यादा वेगळी असते. आमच्या गाडीचं एकूण वजन मर्यादेत होतं, पण मागच्या ॲक्सलवर १८० किलो जास्त भरले, कारण सुताराने पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या दोन्ही अगदी मागे बसवल्या होत्या. त्या उचलून मधे आणल्या.

घाट चढायला किती हॉर्सपॉवर पुरतात?

हिशोब करून पाहू. समजा मोटरहोम भरून ४,४०० किलो आणि ट्रेलरसह छोटी कार १,२०० किलो. एकूण ५,६०० किलो. चढ १०० मीटरला ६ मीटर असेल आणि वेग ताशी ४० किलोमीटर ठेवायचा असेल, तर नुसतं वजन वर उचलायला सुमारे ५० हॉर्सपॉवर लागतात. टायरचा आणि हवेचा विरोध धरला की चाकांवर ६५. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये जाणारं नुकसान धरलं की इंजिनकडून ७५ ते ८० हवेत. म्हणजे ११५ वाली गाडी हे काम करते आणि थोडं हातचं राखतेही.

चढ १०० ला १० झाला की चाकांवरच ९८ च्या आसपास लागतात. आता त्या इंजिनात काही शिल्लक नाही. वेग २० ते २५ वर आणायचा, सेकंड गिअर टाकायचा आणि मागच्यांना जागा मिळेल तिथे पुढे जाऊ द्यायचं. हळू चढण्यात कमीपणा नाही. चढावर इंजिन कमी पडलं तर फार तर उशीर होतो.

उंचीमुळे ताकद कमी होईल का, असंही विचारतात. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, आणि टर्बो डिझेलला तेवढी उंची जाणवत नाही. आपल्याकडे त्रास उंचीचा नाही, उन्हाचा आहे.

मग खरी भीती कशाची?

उताराची. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

परतवाडा आणि चिखलदरा यांच्या उंचीत सुमारे ७०० मीटरचा फरक आहे. वरचीच ५,६०० किलोची जोडी खाली आणायची म्हणजे जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्यात ३० अंशाचं १३० लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी उष्णता तुम्ही पायाने ब्रेक दाबून ड्रममध्ये आणि डिस्कमध्ये घातली तर काय होईल याचा विचार करा. आधी लायनर (ब्रेकमधले घासणारे पट्टे) तापतात आणि धरेनासे होतात. मग ब्रेक ऑइल उकळतं. डॉट ३ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पण त्यात ओलावा शिरला की ती मर्यादा १४० वर येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट खाली जातं.

हे मी वाचून लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी चिखलदऱ्याहून घटांगमार्गे उतरत होतो. तेव्हा आमच्या ट्रेलरला ब्रेक नव्हते. ज्यांनी तो बांधला ते म्हणाले होते, एवढ्याशा ट्रेलरला ब्रेक कशाला. मी थर्ड गिअरमध्ये होते आणि पाय ब्रेकवरच होता. आधी जळका वास आला. दोन वळणांनंतर पेडल मऊ लागलं, आणि पुढच्या वळणावर मागचा ट्रेलर गाडीला ढकलतो आहे हे पाठीला कळलं. सेकंड टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डाव्या बाजूला डोंगराकडे थोडी रुंद जागा होती तिथे गाडी कशीबशी उभी राहिली. सासूबाई मागे जपमाळ धरून बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. दीड तास तिथेच बसलो. चाकांजवळ हात नेववत नव्हता. तापलेल्या ड्रमवर कोणी पाणी टाकू नका, तो तडकतो. वाऱ्यावर थंड होऊ द्या.

त्या दिवसापासून आमचे नियम ठरलेले आहेत. ज्या गिअरमध्ये तो घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, जमल्यास त्याच्याही खालच्या. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा, मधे नाही. ब्रेक लावायचा तो ठोस, वेग १० ने कमी होईपर्यंत, आणि मग पाय पूर्ण काढायचा म्हणजे चाकांना श्वास मिळतो. न्यूट्रलमध्ये उतरणं म्हणजे पोराबाळांच्या जिवाशी खेळ आहे, त्यात डिझेल किती वाचतं हा विषयच नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, ते स्वच्छ दिसत असलं तरी.

आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक. युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला ते सक्तीचे आहेत. आपल्या घाटात मी त्याहून हलक्या ट्रेलरलाही लावीन. साधा प्रकार असा की ट्रेलर पुढच्या गाडीला ढकलायला लागला की दांडीतला दट्ट्या मागे सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. याला ड्रायव्हरने काही करावं लागत नाही. मात्र लांब उतारावर ते सतत थोडे लागलेले राहतात, म्हणून अधूनमधून थांबून ट्रेलरची चाकंही हाताने अदमासून पाहायची. दुसरा प्रकार विजेवरचा, त्याचं बटण ड्रायव्हरजवळ असतं. तो महाग आहे आणि चांगला आहे. कोणताही घ्या, पण ट्रेलर सुटलाच तर आपोआप ब्रेक दाबणारी तार आणि हूकखाली एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या दोन साखळ्या हव्यातच.

ट्रेलरवर कार पुढे उभी करायची की मागे?

ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. माझे वडील कडबा भरताना सांगायचे, ‘गाडी उलार झाली का बैलाचा गळा आवळते.’ मागे जास्त भरलं की धुरा वर उचलतो, जू मानेवरून उठतं आणि खालून पट्टा गळ्याला लागतो. पुढे जास्त भरलं तर बैलाची मान दबते. मधला मेळ साधायचा, तोही किंचित पुढे झुकलेला.

ट्रेलरचंही तेच. हूकवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा भार यावा. १,२०० किलोच्या ट्रेलरला १२० किलो. ट्रेलर उलार असेल तर तो साठच्या वेगाला शेपटी हलवायला लागतो, आणि एकदा का तो झोल बसला की पुढच्या गाडीची मागची चाकंही हलतात. असं झालं तर ब्रेक जोरात दाबू नका, वेग वाढवून सरळ करायलाही जाऊ नका. स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने लावता येत असतील तर तेवढेच लावा.

भार मोजायला दांडीची पुढची बाजू धान्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवा. एकदा योग्य जागा सापडली की ट्रेलरच्या फळीवर चाकांच्या जागी रंगाने रेघा मारा. दर वेळी मोजायला नको.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी का नको म्हणता?

हूकवर १२० किलो ठेवले की मागच्या ॲक्सलवर फक्त १२० वाढत नाहीत. समजा दोन ॲक्सलमधलं अंतर ३.७ मीटर आहे आणि हूक मागच्या ॲक्सलपासून १.८ मीटर मागे आहे. मग तरफेच्या नियमाने मागे १७८ किलो वाढतात आणि पुढून ५८ किलो कमी होतात. चढावर वजन आणखी मागे झुकतं. आता ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी झाली. पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर, चढावर थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की ती जागेवरच फिरतात. मागची चाकं ओढणारी असतील तर हाच भार त्यांना जमिनीला घट्ट धरून ठेवतो.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट निघते. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा जितका लांब भाग बाहेर निघालेला, तितकी ओढायला ती वाईट. मोठी बेडरूम मिळावी म्हणून बांधणारे हा भाग वाढवतात. असं मोटरहोम आतून महालासारखं वाटतं, पण नाल्यावरच्या फरशीवरून चढताना मागचा हूक घासतो आणि घाटातल्या यू वळणावर मागचा कोपरा समोरच्या लेनमध्ये फिरतो.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, लागते का?

डांबरी घाटासाठी नाही. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर जायचं असेल तर फोर बाय फोरही वाचवत नाही. चिखल टायरला चिकटत जातो आणि चाकाचा गोळा होतो. अशा जागी पावसाळ्यात ट्रेलर नेऊच नका.

मे महिन्यात नेता येईल का?

अकोला, अमरावती, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सकाळी सहाच्या आत घाटाच्या पायथ्याशी असा. रेडिएटर आतून साफ, कुलंट पूर्ण, पंखा नीट. चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा. घामाने भिजाल, पण इंजिनातली उष्णता बाहेर पडेल. तरी काटा उतरत नसेल तर थांबा आणि इंजिन काही मिनिटं चालूच ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

टायरची हवा सकाळी थंड असताना मोजा, दुपारी तापल्यावर जास्त दिसते म्हणून काढू नका. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २६२३ म्हणजे २०२३ चा २६ वा आठवडा. मोटरहोम आणि ट्रेलर उभेच जास्त राहतात, त्यामुळे नक्षी शिल्लक असते आणि रबर मात्र उन्हाने तडकलेलं असतं. ट्रेलरचे टायर तर सगळेच विसरतात. त्याची स्टेपनीही सोबत ठेवा, ती मोटरहोमच्या स्टेपनीने भागत नाही.

मेळघाटात ट्रेलर घेऊन आत जावं का?

माझं मत: नाही, आणि हे मी अनेकदा आत नेल्यानंतर सांगते आहे. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालवरून धारणीला जाणारा रस्ता व्याघ्र प्रकल्पातून जातो. तो वळणांचा आहे, कडेला सांबर, गवा उभा असू शकतो, आणि समोरून एसटी आली की मागे घेणं आलं. ट्रेलर मागे घेणं ही वेगळीच विद्या आहे. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. ज्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेतली आहे त्यांचा हात लवकर बसतो, बाकीच्यांनी रिकाम्या खळ्यावर महिनाभर सराव करावा.

नियम असा आहे की अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. तुम्ही उतरत असाल तर तुम्ही थांबायचं. ट्रेलर आहे म्हणून समोरच्याने समजून घ्यावं अशी अपेक्षा धरू नका.

त्यापेक्षा मोटरहोम पायथ्याशी सुरक्षित जागी लावा, कार उतरवा आणि तीच घेऊन वर जा. कार आणली कशासाठी? सेमाडोह आणि कोलकासला वनविभागाची संकुलं आहेत, मुक्काम तिथे आधी ठरवून करा. जंगलात रस्त्याच्या कडेला गाडी लावून रात्र काढायची नाही. पावसाळ्यात चिखलदऱ्यात धुकं इतकं दाट उतरतं की स्वतःचा ट्रेलर आरशात दिसत नाही. त्या दिवसांत आमचा ट्रेलर घरीच राहतो. बुलढाण्याचा राजूर घाट लांबीने लहान आहे, रहदारी मात्र असते, तिथेही खालच्या गिअरचा नियम तोच.

उलटं केलं तर? पिकअपच्या मागे राहायचा ट्रेलर?

शेतकऱ्याच्या घरी पिकअप आधीपासूनच असतं, त्यामुळे हा विचार चांगला आहे. राहायचा ट्रेलर मुक्कामी सोडला की पिकअप मोकळं. पण राहायचा ट्रेलर उंच असतो आणि वारा धरतो, आणि चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायची नाहीत. घरात म्हातारी माणसं असतील ज्यांना वाटेत आडवं व्हावं लागतं, तर मोटरहोमच बरं. तरुण जोडपं असेल तर मी पिकअपच सुचवीन.

ऑटोमॅटिक की गिअरची?

गिअरची. उतारावर हवा तो गिअर धरून ठेवता आला पाहिजे. ऑटोमॅटिकमध्ये हाताने गिअर धरण्याची सोय असेल तर तीही चालेल. गिअरच्या गाडीत एकच जपायचं, चढावर क्लचवर गाडी तोलून धरायची नाही. हँडब्रेक लावून थांबा, हँडब्रेकवरूनच निघा. माणूस खाली उतरवून चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा, गाडी निघाली की त्याने तो उचलून आणायचा. ठोकळ्याला दोरी बांधून ठेवली तर वाकावं लागत नाही.

जुनं मोटरहोम बघायला जाताना काय तपासू?

सोबत ओळखीचा मेस्त्री, टॉर्च आणि लोहचुंबक न्या. गाडीखाली झोपून हूकजवळची चेसी पाहा. ताजा काळा रंग फक्त तेवढ्याच भागावर असेल तर खाली वेल्डिंग आहे का ते खरवडून बघा. लोहचुंबक चिकटलं नाही तर रंगाखाली पुटी भरलेली आहे. मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सपाट झालेत का, किंवा एखादा पाटा नंतर वाढवला आहे का ते मोजा. वाढवला असेल तर आधीचा मालक जास्त वजन नेत होता. ब्रेक ऑइलचा रंग बघा. चहासारखं असेल तर त्याने घाटातही काळजी घेतली नसणार. गिअरबॉक्सच्या तेलाचा बोल्ट उघडायला सांगा, जळका वास येतो का ते हुंगा. वायरिंगची जोडणी उघडून पाहा, मागच्या दिव्यांच्या तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या सापडतात.

मग गाडी चालवायला मागा, आणि सपाट डांबरीवर नको. जवळचा चढ शोधा, अर्ध्यावर थांबा, हँडब्रेक लावा आणि पाय ब्रेकवरून काढून मिनिटभर बसा. गाडी तसूभरही सरकायला नको. तिथून निघा, वर जा, वळवा आणि सेकंडमध्ये ब्रेकला पाय न लावता खाली या. इंजिन गाडीला किती धरतं ते तुम्हाला स्वतःला कळेल. खाली आल्यावर उतरून चारही चाकांजवळ हाताची पाठ न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर त्याचा ब्रेक अडकतो आहे. मालक हा चढ-उतार करू देत नसेल तर पैसे खिशात ठेवा आणि दुसरी गाडी बघा.